ओल्या मेंढ्यांची सुट्टी

डोंगराखालच्या रेटिही गावात मेरेआनाला न ओळखणारा माणूस म्हणजे त्याच दिवशी बसमधून उतरलेला. मेंढ्या कातरणाऱ्यांची टोळी तिने कितीतरी वर्षं चालवली. आता सत्तरी उलटली, गुडघे कुरकुरतात, पण मराएवर, म्हणजे गावकीच्या सभाघरात, लग्न असो की मयत, स्वयंपाकघरातल्या सगळ्यात मोठ्या पातेल्यापाशी उभी राहणार ती हीच. हात सढळ आणि तोंड फटकळ. बटाट्याची सालं जाड काढली म्हणून तिने एकदा पाद्र्यालाही झापलं होतं. अशी ही बाई, पण डोंगराचा विषय निघाला की तिचा आवाज खाली येतो. खुर्ची ओढून बसते आणि तीन नावं घेते. कावाना, पिरिपी, तामाती. आपण आज धडधाकट पायांवर उभ्या आहोत त्या या तिघांमुळे, हे ती कुणालाही सांगते, समोरच्याने विचारलेलं असो वा नसो.

गोष्ट तिच्या विशीतली. तेव्हा ती वांगानुईच्या वरच्या डोंगरातल्या, मेंढ्या कातरायच्या शेडमध्ये लोकर उचलायला होती. कातरायचं काम पुरुषांचं. मशीन मेंढीच्या अंगावरून फिरली की लोकर अख्खी खाली पडते, ती पोरींनी झटक्यात उचलायची, टेबलावर पसरायची, घाणेरड्या कडा तोडायच्या, आणि पुढची मेंढी यायच्या आत फळी झाडून मोकळं व्हायचं. दिवसभर वाकून वाकून कंबर धरायची. पण चार पोरं, चार पोरी, संध्याकाळी मटणाचा रस्सा आणि पिरिपीची गिटार, यापलीकडे विशीत माणसाला लागतं काय?

पाऊस आला की मात्र शेडमध्ये निराळाच तमाशा. ओली मेंढी कातरली तर कातरणाऱ्याच्या मांड्यांवर गळवं उठतात, सांधे धरतात, आणि गाठोड्यात लोकर कुजते ती वेगळीच. पण मेंढी किती ओली म्हणजे ओली? मालक तर हात लावून म्हणणारच, कोरडी आहे, लागा कामाला. म्हणून टोळीचा रिवाज असा की प्रत्येकाने दोन मेंढ्या कातरून बघायच्या आणि मत द्यायचं, ओली की कोरडी. जिकडे मतं जास्त तिकडे सगळी टोळी. बरोबरी झाली तर अजून दोन मेंढ्या कातरायच्या आणि पुन्हा मत. कारण कुणी कुणाला विचारायचं नाही. आणि एकदा मत पडलं की पडलं. त्याच्या विरुद्ध जो जाईल त्याच्या शेजारी पुढे कुणी उभं राहत नाही. रग्बीत हरलेलं चालतं, बायको पळून गेलेलीसुद्धा चालतं, पण शेडचं मत मोडलेलं नातवंडांनाही ऐकून घ्यावं लागतं.

हे मत फक्त कातरणाऱ्यांचं. लोकर उचलणाऱ्या पोरींना कोण विचारतो? मेरेआनालाही त्यात काही वावगं वाटत नव्हतं. पुरुष कोपऱ्यात मत द्यायचे तेव्हा ती चहाला आधण ठेवायची, निकाल लागेस्तोवर चहा तयार.

त्या सप्टेंबरात, हिवाळा सरता सरता, असाच झोडपून पाऊस झाला. मग शुक्रवारी सकाळी आभाळ धुतल्यासारखं निळं, आणि मेंढ्या मात्र अंगातून पाणी गाळत उभ्या. मत पडलं, ओली. टोळीच्या मुकादमाने टोपी आपटली आणि सोमवारपर्यंत तोंडं दाखवू नका म्हणाला. आणि तामातीने लगेच काढलं, की चला, बर्फाच्या डोंगरावर जाऊ.

हा तामाती पूर्वेच्या किनाऱ्यावरचा, समुद्राचा पोरगा. बर्फ त्याने फक्त लांबून पाहिलेला. दोन आठवड्यांनी तो ऑस्ट्रेलियात कामाला निघणार होता, तिकडे मेंढ्या जास्त आणि मजुरी दणदणीत. जायच्या आधी त्याला रुआपेहूच्या माथ्यावरचं तळं बघायचं होतं. डोंगर ज्वालामुखीचा, म्हणून चहूकडे बर्फ आणि मधोमध हिरवट गरम पाणी, त्यात हात बुडवायचा, एवढंच त्याच्या मनात होतं. आठवडाभर त्याने सगळ्यांचं डोकं खाल्लं होतं. दिसायला देखणा, हसला की गालाला खळी, आणि मेरेआना त्याच्यावर लट्टू झालेली. शेडमधल्या कुत्र्यांनाही ते ठाऊक होतं. तामाती तेवढा सोडून.

आता सांगा, ज्यांना पाऊस पडला तरच सुट्टी मिळते, त्यांनी सुट्टीत डोंगर चढायला जावं का? खाली पाऊस म्हणजे वर ताजा, भुसभुशीत बर्फ. शहाणी माणसं आठवडाभर थांबतात. पण कातरणाऱ्यांना आठवडाभराने शेड असतं.

पिरिपीच्या मामाची जुनी स्टेशन वॅगन होती, मागचं दार दोरीने बांधलेलं. पिरिपी म्हणजे गोल पोटाचा, सदा हसवणारा. त्याच्या जोडीला कावाना, टोळीतला सगळ्यात थोराड, कमी बोलणारा, मेरेआनाचा लांबचा भाऊ. परापराच्या वळणावळणाच्या रस्त्याने गाणी म्हणत, एकमेकांच्या आवाजाला नावं ठेवत चौघं रेटिहीला मेरेआनाच्या नॅनकडे, म्हणजे आजीकडे, मुक्कामाला गेले. नॅनने तळलेले पाव समोर ठेवले आणि पोरांकडे बघून नाक मुरडलं. ती डोंगराला कोरो म्हणायची, म्हणजे आजोबा. कोरोने आजच ढगांचं पांघरूण काढलंय, म्हणाली, त्याचा मूड काय आहे ते बघून जा. "अंगाखांद्यावर खेळा हवं तेवढं. डोक्यावर नाचू नका," एवढं बजावून ती झोपायला गेली.

सकाळी रस्ता संपला तिथे गाडी लावून ते चढायला लागले. प्रत्येकाच्या पायात जे होतं ते. तामातीच्या पायात शिकारीचे जाड बूट, मेंढीची चरबी चोळून चोळून मऊ केलेले. कावानाचे कामाचे बूट. पिरिपीने खुशाल रग्बीचे बूट चढवले होते, खाली खिळे आहेत ना, म्हणाला. आणि मेरेआनाच्या पायात रबरी गमबूट, भावाचे, दोन माप मोठे. पुढे बोटांपाशी तिने शेडमधली लोकर कोंबली होती. मेंढीला थंडी वाजत नाही तर मला का वाजेल, असा तिचा हिशेब.

सुरुवातीला नुसता धुडगूस. पिरिपीने घट्ट दुधाचा डबा फोडून बर्फावर ओतला आणि चौघांनी हातांनी खाल्लं. तामाती बर्फात उताणा पडला आणि हसतच सुटला. मेरेआना आजही सांगते, की देवाने मला दुसरं काही दिलं नसतं आणि फक्त ती सकाळ दिली असती, तरी मी कुरकुर केली नसती.

मग चढ खडा झाला. बर्फ गुडघ्यापर्यंत लागायला लागला. पश्चिमेकडून ढग आला, आधी रुमालाएवढा, मग उतारच्या उतार गिळत. वारा सुटला. मेरेआनाचे पाय आधी असे ठणकले की तिच्या डोळ्यांत पाणी आलं. नंतर ठणका थांबला. तिला बरं वाटलं. सरावले एकदाचे, असं ती मनात म्हणाली आणि चालत राहिली. पाय गोठतात तेव्हा असंच होतं, हे तिला कुणी सांगितलं नव्हतं.

कावाना थांबला. त्याने वर पाहिलं, खाली पाहिलं आणि मत घेऊ म्हणाला. कुणाला त्यात नवल वाटलं नाही. या पोरांना दुसरी रीतच माहीत नव्हती. पिरिपी म्हणाला, कोरडी, म्हणजे चढत राहायचं. तामाती म्हणाला, कोरडी. कावाना म्हणाला, ओली. झालं, दोनास एक. तामातीने पुढे पाऊल टाकलंसुद्धा. मेरेआना सवयीने बाजूला उभी होती, शेडमध्ये राहायची तशी. तिथे चहाचं आधण असतं तर तिने तेही ठेवलं असतं.

"थांबा," कावाना म्हणाला. "आपण चौघं आहोत."

"तिचं मत नसतं," तामाती म्हणाला. त्याच्या बोलण्यात खोट नव्हती. रोज सकाळी सूर्य उगवतो, तसं तो ते बोलून गेला.

"शेडमध्ये नसतं. इथे कुठे शेड दिसतंय तुला? आपल्याखाली जो डोंगर आहे तोच तिच्याखाली आहे." मग तो तिच्याकडे वळला. "बोल गं. ओली की कोरडी? माझ्याकडे बघू नकोस आणि त्याच्याकडे तर मुळीच बघू नकोस."

मेरेआनाने तामातीकडे पाहिलंच. त्याच्या भुवयांवर बर्फ साचला होता आणि चेहरा शाळेतल्या पोरासारखा उतावीळ. कोरडी म्हटलं असतं तर तो हसला असता, ती खळी पडली असती, दिवसभर तिच्याशी गोड बोलला असता. पण तिला आतून काहीतरी बरोबर वाटत नव्हतं. घोट्याखाली आपलं काही आहे असंच वाटत नव्हतं.

"ओली," ती म्हणाली. स्वतःचाच आवाज तिला परका वाटला.

बरोबरी झाली. तामाती तिच्याकडे न बघता म्हणाला, "मग अजून दोन मेंढ्या." म्हणजे वरच्या काळ्या खडकापर्यंत चढायचं आणि तिथे पुन्हा मत. रिवाज तो रिवाज, कावानालाही नाही म्हणता येईना. पुढे तो आणि पिरिपी, मध्ये मेरेआना, आणि फुरंगटलेला तामाती तिच्या मागे.

अर्ध्या वाटेत मागून तामाती ओरडला, "अगं, बूट फाटलाय तुझा."

मेरेआना खाली बघून म्हणाली, "कुठला?"

दोन्ही फाटले होते. कडक थंडीत जुनं रबर घोट्यापाशी तडकलं होतं, आत बर्फ गच्च भरला होता आणि डाव्या बुटातून लोकरीचा बोळा बाहेर लोंबत होता. ती कधीपासून बर्फातच पाय घालून चालत होती, आणि तिला पत्ता नव्हता. तामाती तिच्या बुटांकडे बघत राहिला. वरती ढगाला जरा फट पडली होती आणि माथ्याची कड दिसत होती, अगदी जवळ वाटावी अशी. 

खडकापाशी पोचल्यावर पुन्हा मत झालं. या वेळी सगळ्यात आधी तामाती बोलला. ओली, म्हणाला.

पिरिपी चाटच पडला. आठवडाभर आमचे कान किटवलेस आणि आता काय झालं, असं तो विचारायला लागला.

"मत दिलं," तामाती म्हणाला. "कारण विचारायचं नसतं." आणि त्याने माथ्याकडे पाठ केली.

उतरताना मेरेआना दोनदा आपटली. तिसऱ्यांदा कावानाने तिला उठवलंच नाही, सरळ पाठीवर घेतलं. मेंढी ओढायची त्याला सवय होती, पण ही मेंढी लाथा मारत नाही म्हणून मला काळजी वाटते, असं तो म्हणाला. तो आयुष्यात विनोद असा तेवढाच करू शकला. गाडीच्या थोडं वर पत्र्याची एक खोली होती. तिथे सुरीने बूट कापून काढले. पाय मेणबत्तीसारखे पांढरे निघाले. पिरिपीने एका बोटाला चिमटा काढला तरी तिने हूं की चूं केलं नाही. तिघांचे चेहरे पडले.

शेकोटी करू नका, असं कावाना म्हणाला. शिकारी माणसांकडून त्याने ऐकलं होतं, की गोठलेले पाय आगीजवळ न्यायचे नाहीत, माणसाच्या पोटाला लावायचे. मग काय, पिरिपीने बनियन वर केलं आणि भिंतीला टेकून बसला. मेरेआनाचे दोन्ही पाय त्याच्या उघड्या पोटावर. "अगं बाई गं," तो कळवळला, "आख्खा देश सोडून हा गारठा माझ्याच बेंबीला?" त्याचं पोट गार पडलं की कावाना बसायचा, मग तामाती, मग पुन्हा पिरिपी. आळीपाळीने. तीन तरणी पोरं, उघडी पोटं, कुडकुडतायत, आणि एकमेकांच्या पोटाला नावं ठेवतायत. तामातीच्या सपाट पोटाची तर पिरिपीने यथेच्छ टर उडवली, हे काय पोट, ही तर इस्त्रीची फळी.

कितीतरी वेळाने पायांत रक्त परतलं आणि मेरेआना किंचाळायला लागली. त्या कळा तिच्या चारही बाळंतपणांत आल्या नाहीत, असं ती सांगते. ती किंचाळत होती आणि ते तिघं हसत होते, रडत होते, ओरड गं, अजून ओरड, म्हणत होते. ओहाकुनेच्या डॉक्टरने दुसऱ्या दिवशी पाय तपासले आणि म्हणाला, तो माथा गाठून आली असतीस तर बोटं मी तरी वाचवू शकलो नसतो, कदाचित अख्खे पायही. ज्यांची पोटं वापरलीस त्यांना जपून ठेव.

डोंगर उतरले त्या दिवशी दुपारी मात्र एक वाईट गोष्ट झाली. तिला गाडीत घालून ते निघाले तेव्हा ढग पार हटला होता. माथा उन्हात लखलखत होता, कुणी मुद्दाम वेडावून दाखवावं तसा. तामाती दारापाशी उभा राहून त्याच्याकडे बघत राहिला. मग गाडीत बसला. दोन आठवड्यांनी तो ऑस्ट्रेलियाला गेला तो गेलाच.

कावाना आणि पिरिपीची परतफेड मेरेआना आपल्या पद्धतीने करत राहिली. पिरिपी पुढे टाइहापेला स्थायिक झाला. दर हिवाळ्यात ती त्याला पोटावर बांधायचा लोकरीचा पट्टा विणून पाठवते, आणि दर वर्षी तो उलट निरोप पाठवतो की घेर वाढवायला हवा होता. कावानाच्या घरी हंगामातली पहिली बाम मासळी तिच्याकडून जायची, त्याच्या धाकट्या पोरीला तिने स्वतःच्या पोरींबरोबर वाढवलं. तिने टोळी काढली तेव्हा पहिल्याच पावसात लोकर उचलणाऱ्या पोरींनाही मत द्यायला उभं केलं. कातरणारे भडकले, दोघं काम सोडून गेले. जा म्हणाली. लग्न तिने रेल्वेतल्या एका शांत माणसाशी केलं आणि संसार चांगला झाला. तामातीचं खूळ केव्हाच उतरलं होतं. उतरला नाही तो मनावरचा एक दगड. एका माणसाने आयुष्यात एकच गोष्ट बघायची ठरवली होती आणि ती माझ्या पायांपायी राहिली. त्याला त्याचं वाईट वाटत असेल का? आठवण आली की तो मला शिव्या देत असेल का? नाताळला त्याचं कार्ड यायचं, त्यात फक्त नाव. तीही फक्त नाव लिहायची. असलं काही कार्डावर लिहायला तिला जमलं नाही.

मागच्या वर्षी कावाना वारला. या वर्षी, रिवाजाप्रमाणे, त्याच्या थडग्यावरच्या दगडाचं अनावरण होतं आणि त्यासाठी तामाती आला. मेरेआना त्याला ओहाकुनेच्या बसथांब्यावर आणायला गेली. कातरणाऱ्याची कंबर शेवटी जाते तशी त्याचीही गेली होती. दोन काठ्यांवर वाकून उभा, केस पांढरे. खळी होती अजून. गाडीत बसायला त्याला बराच वेळ लागला. हा माणूस आता जिना चढू शकत नाही, डोंगर कुठला चढणार, हे तिला दिसलं.

रेटिहीच्या अलीकडे रस्त्याला एक उंचवटा आहे. तिथून कोरो पुरा दिसतो. मेरेआनाने गाडी थांबवली. दोघं उतरले. डोंगर पांढराशुभ्र आणि वर ढगाचा ठिपका नाही.

"तामाती," ती म्हणाली, "तू त्या दिवशी तळं सोडलंस. माझ्यासाठी सोडलंस. मी याच पायांनी शेडं झाडली, याच पायांनी पोरांमागे धावले, माझ्या नवऱ्याला खांदा दिला तेव्हाही हेच पाय होते. तुझे आभार मानायचे राहिले माझ्याकडून. मानते."

तामातीने नाक ओढलं. "वेडी आहेस का? तुझ्यासाठी कुणी सोडलं? माझेच पाय गोठले होते. रडकुंडीला आलो होतो. पण आठवडाभर बढाया मारलेल्या, सांगणार कुठल्या तोंडाने? तू ओली म्हणालीस म्हणून माझी अब्रू वाचली. नाहीतर लाजेकाजेस्तव गेलो असतो वर आणि राहिलो असतो तिथेच."

मेरेआना त्याच्याकडे बघत राहिली. त्या पत्र्याच्या खोलीत त्याने स्वतःचे मोजे काढून तिला दिले होते. तिच्या पायांना तर काही कळत नव्हतं, म्हणून तिने ते आधी गालाला लावून पाहिले होते. ठणठणीत कोरडे होते, आणि भट्टीतून काढलेल्या पावासारखे गरम. नंतर तासभर हाच माणूस त्या गार फरशीवर अनवाणी नाचत होता, पिरिपीला हसवायला.

खोटारड्या, हा शब्द तिच्या ओठांवर आला होता. ज्या तोंडाने पाद्र्याला सोडलं नाही त्या तोंडाने तो गिळला.

"असं होय?" ती म्हणाली. "मग आभार तू मानायला हवेत माझे."

"मानतो की."

त्याने एक काठी गाडीला टेकवली, दुसरीवर भार टाकून जमेल तेवढा सरळ उभा राहिला आणि म्हणाला, "मेरेआना, तुझे फार उपकार झाले."

"बरं, बरं, असू दे," ती म्हणाली आणि त्याच्यासाठी गाडीचं दार उघडून धरलं. मराएपर्यंत सगळा रस्ता ती रडत गाडी चालवत होती, आणि तामाती शहाण्यासारखा दुसऱ्या खिडकीतून बाहेर बघत बसला होता.